भागीचं घोडं

विणकर गल्ली, गेंट
२० फेब्रुवारी

गोदेलीव्हताई,

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं नाही हा तुझा हट्ट, म्हणून पत्रच लिहितो. तुझ्या शेजारच्या मॉरीत्सकडे निरोप ठेवला असता, पण त्याच्याआधी तुला कळावं असं वाटलं.

माझी डिझेल गाडी जानेवारीपासून शहरात आणायची सोय राहिलेली नाही. धूर फार सोडते म्हणे. म्हणे कसलं, सोडतेच. सकाळी सुरू केली की समोरची सेविम दोरीवरच्या चादरी आत घ्यायला धावायची. सध्या गाडी शहराबाहेर एका मित्राच्या अंगणात उभी आहे. म्हणजे तुझ्याकडे यायचं तर आधी दोन ट्राम बदलून गाडीकडे जायचं, मग गाडीने तुझ्याकडे.

त्यावर गल्लीत एक टूम निघाली आहे. आम्ही सहा घरं, आमच्या पाच गाड्या, आणि त्या पाचही दिवसभर नुसत्या उभ्या असतात. त्या सगळ्या काढून टाकायच्या आणि सहा जणांत मिळून विजेवरची एकच घ्यायची. ज्याला हवी त्याने आधी नाव लावायचं आणि न्यायची. पुढाकार वेर्लेचा. ही बाई कोर्टात कारकून आहे, नवऱ्यापासून वेगळी झाली त्याला बरीच वर्षं झाली. सेविम आणि तिचा नवरा दुर्मुश तयार आहेत. त्यांचं कोपऱ्यावर भाजीचं दुकान आहे. दाढीवाला वानेस तर सायकलीवरून कधी उतरतच नाही, तोही पैसे घालणार आहे, कारण त्याच्या कुत्र्याला सायकलीवर बसता येत नाही. मलाही मोह होतो आहे.

रविवारची काळजी करू नकोस, त्यात काही बदलणार नाही. महिन्याचा पहिला रविवार, तुझ्याकडे जेवण, निघताना डिकीत तुझ्या सहा कबुतरांची टोपली. इथे पोचलो की मी ती दारातून सोडणार, आणि ती तुझ्या ढाबळीत उतरली की तू समजायचंस, ओडील सुखरूप घरी पोचला. सिरीलभावोजींनी घालून दिलेली रीत मी मोडणार नाही.

तुझा
ओडील


पोपरिंगे
२६ फेब्रुवारी

अरे ओडील,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचलं, तेव्हा जास्त शहाणपणाचं वाटलं.

भागीचं घोडं किवणानं मेलं, जखम चिघळली तरी कोणी पाहिली नाही, हे सत्तरी गाठलेल्या माणसाला मी सांगायचं? बाबांनी आणि हेक्टरकाकांनी बिअरला लागणारी हॉपची फुलं वाळवायची भट्टी भागीत घेतली होती, विसरलास? छपराची फुटकी कौलं कोणी बदलायची यावरून दोघे भाऊ बोलेनासे झाले. कौलं काही कोणी बदलली नाहीत. शेवटी त्या भट्टीत उंदीर राहायला आले, ते मात्र गुण्यागोविंदाने, भागीत.

एक जण सीट मागे सरकवून जाईल, दुसरा आरसा फिरवून ठेवेल, तिसरा सांडून ठेवेल आणि पुसायला तू. लहानपणापासून तुला कोणीही काहीही म्हटलं की तू मान हलवतोस. त्या कारकूनबाईने नीट हेरलंय तुला.

मला काय त्याचं. मला गाडीही नको आणि घोडंही नको. येणार नसशील तर फक्त आधी कळवत जा. बिअरमध्ये ससा शिजत घातला की तो एकटीला संपत नाही, आणि टाकून द्यायला जिवावर येतं.

मार्चअखेर ढाबळ उघडते. राखी कबुतरीला यंदा पायाचा त्रास आहे, पण उडते अजून झकास. सिरीलच्या हातची तीच एक उरली आहे.

गोदेलीव्ह


गेंट
१४ मार्च

ताई,

तुझं पत्र मी आमच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. रागावू नकोस. उंदरांपाशी आलो तेव्हा दुर्मुशला ठसका लागला. तो म्हणाला, "ओडीलभाऊ, हे सगळीकडे सारखंच. आमच्या गावी दोन भावांनी विहीर भागीत घेतली, तर एक म्हणाला दोर माझा, दुसरा म्हणाला पाणी माझं." वेर्ले मात्र हसली नाही. म्हणाली, "तुमच्या बहिणीला कळतंय. कौलं कोणी बदलायची ते आधी लिहून ठेवलं असतं तर भट्टी टिकली असती." आणि तिने तिथेच नियम लिहायला घेतले. तिच्या हाती कागद आला की त्याची कलमं होतात.

तर गाडी आली. पांढरी आहे, आवाज अजिबात करत नाही, आणि तुझ्या कृपेने तिचं नाव 'घोडं' पडलं आहे. "घोडं आज कोणाकडे?" "घोड्याला चारा लावला का?" असंच चाललेलं असतं. चारा म्हणजे चार्जिंग. माझं जुनं धूड भंगारात गेलं. नेताना जरा गलबललो, खोटं कशाला सांगू. पण ताई, मी चाळीस वर्षं ट्राम चालवली, ती कुठे माझी होती? अख्ख्या गावाची होती. रोज हजार लोक चढायचे उतरायचे आणि कोणी ती किवणाने मरू दिली नाही.

पहिल्याच आठवड्यात वानेसच्या ओल्या कुत्र्याने मागची सीट आपलीशी केली. त्यावरून थोडी कुरबुर झाली, वेर्लेने एक कलम वाढवलं, मिटलं. किरकोळ गोष्ट.

गल्लीतल्या रिकाम्या जागेत आता एक लांब टेबल मांडलंय आणि लिंडनचं रोप लावलंय. सेविमच्या चादरी दिवसभर बाहेर असतात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी येतो. ससा शिजव.

ओडील


पोपरिंगे
८ एप्रिल

ओडील,

परवा येऊन गेलास. घोडं पाहिलं. बरं आहे दिसायला. मला आवाज तसाही येत नाही, त्यामुळे त्याचं कौतुक मला सांगून उपयोग नाही.

जेवताना दोनदा घड्याळाकडे पाहिलंस. मी टोपली भरून दारात आणून ठेवली तर म्हणालास, नको, ससाणे फार झालेत यंदा. मी मॉरीत्सला विचारलं. तो रोज शेतात असतो. त्याला गेल्या हिवाळ्यापासून एकही ससाणा दिसलेला नाही.

टोपली परत ढाबळीशी नेली आणि सगळ्यांना आत सोडलं. राखी बराच वेळ फळीवर बसून राहिली. तिला वाटलं असेल आपली काही चूक झाली. संध्याकाळी मी सवयीने अंगणात खुर्ची टाकून बसले, मग लक्षात आलं की आज काही यायचं नाहीये.

तुला यायचा कंटाळा आला असेल तर सरळ सांग. मी समजून घेणारी आहे, ससाण्यांवर कशाला ढकलतोस? बारा वर्षं येतोयस, पुष्कळ झालं. मेमध्ये येऊ नकोस. मला चर्चमधली पितळेची भांडी घासायची आहेत.

गोदेलीव्ह


गेंट
१२ एप्रिल

ताई,

भांडी सोमवारी घास.

कंटाळा वगैरे काही नाही. खरं सांगतो. वेर्लेने जे कलम वाढवलं ते असं आहे की घोड्यात जनावर न्यायचं नाही. कुत्रा नाही, मांजर नाही, पक्षी नाही. सगळ्यांनी हात वर केले, त्यात माझाही होता. वर गेल्यावर मला आठवलं की पक्षी म्हणजे आपली कबुतरं. मग खाली घ्यायची लाज वाटली. तू म्हणतेस तेच खरं, मी नुसती मान हलवतो. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, सांगितलं नव्हतं? ते ऐकायचं धाडस नव्हतं, म्हणून ससाणा उडवला.

मेच्या पहिल्या रविवारी टोपली तयार ठेव आणि वर तुझी ती जाड तपकिरी शाल टाक. नियमाचं मी बघतो. कोणाला पत्ताही लागणार नाही.

ओडील


पोपरिंगे
९ मे

ओडील,

काल रात्री घरी पोचले. आता शांतपणे बसून लिहिते, कारण तुमच्या त्या टेबलावर सगळे एकाच वेळी बोलत होते आणि मला कोणाच्या ओठांकडे बघावं ते कळत नव्हतं. जे मला ऐकू आलं नाही ते तुला लिहून कळवावं लागेल. मुकाट्याने सगळं लिही. चांगलं तेवढंच लिहू नकोस.

आधी माझी बाजू ऐक. रविवारी तू जेवून निघालास. पोचायच्या वेळेला मी अंगणात खुर्ची टाकली. पाखरं आली नाहीत. तुमच्याकडे आभाळ काळं दिसत होतं, म्हटलं पाऊस थांबला की सोडेल. अंधार पडला तरी ढाबळ रिकामीच. मॉरीत्सला उठवून तुला फोन करायला लावला. तो म्हणाला, वाजतोय पण उचलत नाही. पुन्हा केला, पुन्हा वाजला. बारा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मॉरीत्स म्हणाला झोपला असेल. मी म्हटलं, तो झोपेल, कबुतरं कशी झोपतील?

मला रस्त्याच्या कडेला उलटलेलं पांढरं घोडंच दिसायला लागलं. आणि मनात सारखं येत होतं की शाल मीच टाकली, चोरी मीच करायला लावली, पितळेच्या भांड्यांचं खोटं मीच लिहिलं. सिरील गेल्यापासून मी ट्रेनमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघाले. डोक्यावर सिरीलची टोपी होती हे कोर्त्रेकला गाडी बदलताना कळलं.

आणि तू दार उघडलंस तर हातात अंड्याचा झारा.

तुझ्या कानाखाली मारली त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. त्यानंतर रडले त्याबद्दल जरा वाटतं, कारण तुझी ती भाजीवाली सेविम दारात उभी राहून पाहत होती. तिने मला तिच्या घरी नेलं आणि डाळीचं गरम सूप समोर ठेवलं. मग शेजारी येऊन बसली. ती बाई मला आवडली.

आता मला सांग. मंगळवारी संध्याकाळी ती कारकूनबाई परत आल्यावर सगळे टेबलाभोवती जमलात. ती उभी राहिली, हातात कागद, तोंड जज्जसारखं. माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. मग सगळे हसले, तुझा तो दुर्मुश डोळे पुसायला लागला. मला वाटलं तुला गल्लीतून काढतायत. म्हणून मी उठून म्हटलं, कबुतरं माझी, शालही माझी, दंड काय तो मला करा. तर सगळे आणखीच हसले आणि त्या दाढीवाल्याने मला बिअर आणून दिली. मी प्यायले, पण कशाबद्दल प्यायले ते अजून कळलेलं नाही.

गोदेलीव्ह


गेंट
१३ मे

ताई,

सगळं लिहितो, माझ्या बावळटपणासकट.

मी रविवारी पोचलो तेव्हा धो धो पाऊस. अशा पावसात पाखरं सोडायची नाहीत हे भावोजींनी शिकवलेलं. म्हटलं थांबेपर्यंत टोपली डिकीतच राहू दे, वर शाल आहे, कोणाला दिसायची नाही. घरात येऊन खुर्चीत टेकलो. तुझा ससा, त्यावर तुझी बिअर. डोळा लागला. उठलो तेव्हा पाऊस थांबून संध्याकाळचं ऊन पडलं होतं आणि दारात घोडं नव्हतं. वेर्लेने संध्याकाळपासून तीन दिवसांसाठी नाव लावलं होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. माझा फोन गाडीत समोरच्या कप्प्यात राहिला होता. म्हणजे तू मॉरीत्सकडून केलेले फोन सगळे आर्देनच्या डोंगरात, एका हॉटेलच्या आवारात वाजत होते. मॉरीत्सचा नंबर मला पाठ नाही, आणि दुसऱ्याच्या फोनवरून वेर्लेला गाठावं तर शालीखालची चोरी उघडी पडणार. रात्रभर मी येरझाऱ्या घातल्या आणि ठरवलं की सकाळी दोन अंडी खाऊन पहिल्या ट्रेनने तुझ्याकडे जायचं. तेवढ्यात तूच दारात.

तुझी थप्पड मला लागली नाही. तू माझा कोट घट्ट धरून ठेवला होतास आणि सोडतच नव्हतीस, ते लागलं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी तुझ्याकडे जेवायला येतो.

आता वेर्लेचं. ती पहिल्यांदाच एका सद्गृहस्थाबरोबर बाहेर निघाली होती. वाटेत मागून घुमल्यासारखा आवाज येत होता. तिला वाटलं गृहस्थ खुशीत गुणगुणतायत. गृहस्थांना वाटलं ती गुणगुणतेय. दोघांनाही ते फार आवडलं म्हणून दोघेही काही बोलले नाहीत. हॉटेलात पोचल्यावर बॅगा काढायला डिकी उघडली, शाल उचलली, आणि राखीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या माणसाने आपल्या नव्या हॅटमध्ये पाणी घालून सहाही जणींना पाजलं आणि टोपली रात्रभर खोलीत ठेवली. सकाळी वेर्लेने सेविमला फोन केला. त्या वेळी तू तिच्याच स्वयंपाकघरात सूप पीत होतीस. "घोड्याला पंख फुटलेत," हे वेर्लेचं पहिलं वाक्य. मी फोनवरून सांगितलं तसं त्यांनी मोकळ्या माळावर टोपली उघडली. त्यानंतरचं तुला ठाऊकच आहे. दुपारभर अख्खी गल्ली टेबलाशी बसून वर बघत होती, जणू पाखरं इथूनच जाणार होती, आणि तू दिलेल्या नंबरवर मॉरीत्सला विचारलं तेव्हा त्याचा निरोप आला, की पाच उतरली.

मंगळवारी वेर्ले जे बोलली ते हे. आधी म्हणाली, "ओडील, तुम्ही कलम मोडलं आहे." मी मान हलवली. मग म्हणाली, "कलम लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वानेसचा कुत्रा होता. कोणाच्या तरी बहिणीला आपला भाऊ घरी पोचला हे कळायचा हा एकच मार्ग आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही सांगायला हवं होतं. हात वर करायला तुम्हाला येतं, तोंड उघडायला येत नाही." त्यानंतर तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "या बाई सहा पाखरं दिसली नाहीत म्हणून पहाटे घर सोडून आल्या. आपण भिंतीला भिंत लावून राहतो, माझा दिवा दोन दिवस लागला नाही तर कोण येईल?" तेव्हा दुर्मुश म्हणाला, "तुझा दिवा लागला नाही तर आम्ही समजू, तू हॅटवाल्याबरोबर आहेस." त्यावर हशा. तो डोळे पुसत होता तो मात्र हसून नव्हे. त्याची आई गावी एकटीच असते.

आणि तू उठून दंड मागितलास तेव्हा आधीच हात वर झालेले होते. ठराव असा की कबुतरांना घोड्यात कायमची जागा. वानेसने कुत्र्यासाठीही अर्ज केला, तो फेटाळला गेला. शिवाय तुला दंड झालेला आहे. तो बिअर पाजून सांगायचा असं ठरलं होतं, पण तू पिऊन थेट झोपलीस. दंड असा, की महिन्याचा पहिला रविवार माझा. बाकीच्या रविवारी ज्याला बाहेर पडावंसं वाटेल तो पोपरिंगेला येणार, तू जेवायला घालायचं, आणि परतताना टोपली देऊन पाठवायचं.

राखीचं काय? आमच्याकडे रोज तीच चौकशी चालू आहे. दुर्मुशने दुकानात बोर्डावर लिहून ठेवलंय, 'अजून नाही.'

ओडील


पोपरिंगे
२२ सप्टेंबर

अरे ओडील,

राखीचं मी मॉरीत्सच्या निरोपात कळवलं होतं, पण ती कशी आली ते सांगायचं राहिलं. चालत आली. मॉरीत्सने पाहिलं, शेताच्या कडेने लंगडत, एखादी बाई बाजारातून यावी तशी. कुठून कुठवर उडाली आणि कुठून पायी आली ते तिलाच ठाऊक. सध्या तिला प्रवासाला पाठवत नाही. ढाबळीत बसून ती बाकीच्यांना नावं ठेवते. आम्ही दोघी मिळून ठेवतो.

आता तक्रार. मला रविवार म्हणून उरलेला नाही. जूनमध्ये वेर्ले आली, हॅटवाला बरोबर होताच. त्याने माझं गंजलेलं कुलूप दुरुस्त केलं आणि तिने माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. वानेस येतो तेव्हा कुत्रा ट्रेनने आणतो आणि स्टेशनवरून चालत, नियम म्हणजे नियम. परवा हॉपची तोडणी होती, तेव्हा सेविम आणि दुर्मुश अख्खा दिवस मॉरीत्सच्या शेतात राबले. दुर्मुशने त्याच्या आईशी माझी ओळख करून दिली, फोनच्या पडद्यावर. तिलाही कमी ऐकू येतं. आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींना हात हलवत बसलो, मजा आली.

आता कोण पोचलं हे ओळखायची पंचाईत होते, म्हणून यंदाची पिल्लं धरून मी जोड्या वाटून दिल्या आहेत. करडी जोडी सेविमची, ठिपक्यांची वेर्लेची, पांढऱ्या शेपटीची वानेसची. तुझी तीच जुनी. मी खुर्चीत बसते आणि आभाळाकडे बघून म्हणते, चला, दुर्मुश घरी पोचला. मॉरीत्स विचारतो, तुम्ही कोणाशी बोलताय?

आणि एक. कानातलं यंत्र घेतलं. तुझ्यासाठी नाही, उगाच फुगू नकोस. सेविम इतकं हळू बोलते की तिचं काही सुटू नये असं वाटलं. पहिल्या दिवशी अंगणात गेले तर ढाबळीतून इतका आवाज, की मी घाबरले. इतकी वर्षं ती एवढं बोलत होती आणि मला पत्ता नव्हता.

पहिल्या रविवारी ये. ससा दोन शिजवणार आहे, कोण कोण बरोबर येतंय ते कळव. डॉक्टर परवा म्हणाले, बाई, तुमचं वजन वाढलंय. तेव्हा तुझ्या त्या टेबलाशी सगळ्यांना माझा निरोप वाचून दाखव, की भागीचं घोडं किवणानं मरतं की नाही ते मला ठाऊक नाही, भागीची म्हातारी मात्र बाळसं धरते आहे.

तुझी
ताई